परत घेतलेलं वाण

संक्रांतीला लुटलेलं वाण दारोदार फिरून परत मागणारी बाई मी एकच पाहिली. ती माझी राधाआत्या, तुडील गावची. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

साठीला आलेल्या आत्याच्या दोन्ही गालांवर काळे डाग उतरले होते. जन्म शेतातल्या उन्हात गेलेला. तिला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. लेकीच्या लग्नातले स्वतःचे फोटो ती कुणाला दाखवत नसे. दिवाळीत पुतण्याने मुंबईहून गोरं करणारी ट्यूब आणून दिली आणि पंधरा दिवसांत डाग फिकटले. आत्या हरखली. "एकटीनंच कशाला उजळायचं गो?" म्हणत तिने आणखी ट्यूबा मागवल्या आणि हळदीकुंकवाला वाडीतल्या अकरा जणींना वाण म्हणून लुटल्या.

शिमग्याच्या सुमारास तिचा फोन आला. तोंडाची आग होत होती, कातडी लाल आणि पातळ झाली होती, डाग पूर्वीपेक्षा काळे. मी महाडला औषधांच्या दुकानात काम करते. ट्यूबवरचं नाव तिने वाचून दाखवलं तशी मी हबकले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावायचं ते औषधच नव्हतं.

"उद्याच महाडला ये, डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं.

"येते. पन माझ्या तोंडाचं मागाहून. अकरा जणींची तोंडं हायत माझ्या माथ्यावर."

मला राहवेना, मीच तुडीलला गेले. आत्या घरोघर निघाली होती. रिकाम्या हाताने वाण कसं मागायचं, म्हणून प्रत्येकीसाठी सुती रुमाल घेतलेला. "ह्यो तोंडाला बांधून उन्हात जा गो. डाग पडूच नयेत, त्याला ह्योच उपाय."

शेजारच्या शेवंताकाकी मात्र अडून बसल्या. "वान कुनी परत मागतं काय? अपशकुन हाय! आनि माझे डाग तर चाललेत."

आत्याने तोंडावरचा पदर काढला आणि भर अंगणात उभी राहिली. "माझे पन असेच चालले होते. बघ. नीट बघ गो."

काकी आत गेल्या आणि ट्यूब घेऊन आल्या. मला त्या क्षणी आत्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महाडच्या डॉक्टरांनी तिचा चेहरा बघायला दिवा जवळ ओढला. आत्याने तो हाताने बाजूला सारला आणि गोळा केलेल्या ट्यूबांची पिशवी टेबलावर उलटी केली.

"आधी ह्या मोजा, डॉक्टरसाहेब. अकरा हायत. ह्या बायकांनी आता काय करायचं ते सांगा. मग माझं तोंड बघा."