हरणीचे दात आणि माझे व्याही

माझ्या व्याह्यांनी जेवढी तोंडं उघडून बघितली तेवढी आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी बघितली नाहीत, आणि इथून पुढं कुणी बघणारही नाही. हे मी पैजेवर सांगतो. माणसं समोरच्याचा चेहरा बघतात, कपडे बघतात, शिकलेली असली तर बोलणं बघतात. व्याही दात बघत. त्यात त्यांचा दोष नव्हता. बापजाद्यांपासून धंदाच हेड्याचा, म्हणजे जनावरांच्या बाजारात बैलाम्हशींचे सौदे जमवून द्यायचा. कुरुंदवाडच्या त्यांच्या घरात पोर चालायला लागलं की आधी बैलाचा ओठ वर करायला शिकायचं, मग बाराखडी. दोन दाती, चार दाती, सहा दाती, सगळे आले की जुळलेला. दातावरनं जनावराचं वय कळतं, आणि व्याह्यांच्या मते स्वभाव, कूळ आणि मालकाची नियतसुद्धा कळते. "कातडं तेल लावून चमकवता येतंय पावणं, शिंगं रंगवता येत्यात. दात लबाड बोलत न्हाईत," असं ते म्हणायचे. माझी पाटी चौथीत फुटली ती मी पुन्हा घेतली नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवर सारा जन्म काढला. पण माणूस ओळखायला मला कधी कुणाच्या तोंडात डोकवावं लागलं नाही. म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

पहिला दिवस म्हणजे ते माझ्या थोरल्या लेकीला बघायला आले तो. पोहे झाले, चहा झाला. दुसरा कुणी असता तर पोरीला नाव विचारलं असतं, भाकरी थापता येते का विचारलं असतं. ह्यांनी पिशवीतनं उसाचं कांडं काढलं आणि तिच्यापुढं धरलं.

"बाळ, एवढं सोलून खा बघू. दातानं."

मी ताडकन उठलो. "ओ पावणं, माझी लेक हाय ती. खिलार न्हाय."

"म्हणून तर ऊस आणलाय की," ते शांतपणे म्हणाले. "खिलार असती तर ओठ वर केला असता."

लेक माझ्यावर गेलेली. तिनं ते कांडं कराकरा सोललं, सालपटं त्यांच्याच पायापाशी टाकली आणि उरलेलं पेर पुढं करून म्हणाली, "आता तुम्ही सोला. मला सासरा बघायचा हाय." व्याह्यांनी मान खाली घालून सोललं. लग्न जमलं ते त्या उसावर जमलं, पत्रिका नंतर बघितल्या.

सोयरीक ठरल्यावर ते माझ्याकडं वळले. "पावणं, तुमचंबी एकदा बघू द्या की."

"माझं काय?"

"तोंड."

मी तंबाखू भाजून केलेल्या मिशेरीनं दात घासणारा माणूस. दात काळे असतील, पण माझे आहेत. मी सांगितलं, "ह्या जन्मी न्हाय." तिथनं पुढं व्याह्यांसमोर हसायची वेळ आली की माझा टॉवेल तोंडावर. बाकी मात्र कुणी सुटलं नाही. लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि व्याही त्यांच्या तोंडाकडं असे टक लावून बघत होते की भटजींचा ताल चुकला. अक्षता पडायच्या आत व्याही म्हणाले, "गुरुजी, वरचा सुळा हालतोय. कडक लाडू जपून खावा." एस्टीत कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर ह्यांनी त्याला अक्कलदाढ येत असल्याचं सांगितलं आणि मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. कंडक्टर दुसऱ्या खेपेला ह्यांना ओळखून जागा द्यायला लागला, हे मात्र खरं.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजार पातळ झाला, आणि व्याह्यांच्या दावणीला जनावर राहिलं नाही. त्यातच विहीणबाई गेल्या. त्यांच्या माघारी राहिलं त्यांचं मांजर. विहीणबाई तिला नुसतं "बाई" म्हणून हाक मारायच्या. पण व्याह्यांच्या जिभेला गाईगुरांचीच नावं सवयीची. त्यांनी तिचं नाव हरणी ठेवलं. ही हरणी एके दिवशी माशाचं डोकं तोंडात धरून बसली आणि चावायचं सोडून तिनं ते खाली टाकलं. मान एका अंगाला वाकडी, तोंडातनं लाळ. दुसऱ्या दिवशी दुधालाही तोंड लावीना. व्याह्यांनी ओठ वर केला आणि कपाळावर हात मारला. "सगळ्या मुलखाची तोंडं बघितली आणि घरातलंच ऱ्हायलं," असं ते मला पुढं कितीदा तरी म्हणाले.

घाबऱ्या जिवानं त्यांनी करू नये ते केलं. शेजारच्या म्हातारीची मिशेरी आणून मांजराच्या हिरड्यांना चोळली. हरणीच्या तोंडाला फेस आला, ओकून ओकून ती पडली. तिला टोपलीत घालून हे जनावरांच्या दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी एक दाढ काढली आणि ह्यांना चांगलं झापलं. बाकीचे दात राखायचे असतील तर रोज पुसायचे. मिशेरी नाही, मीठ नाही, माणसाचं मंजन तर नाहीच. "जे लावाल ते सगळं तिच्या पोटात जाणार. मांजराला चूळ भरता येते का?"

हा शब्द व्याह्यांच्या मनात असा बसला की त्यांनी त्याची म्हणच करून टाकली. गावात कुणी भावकीशी भांडायला निघालं की हे पारावरनं ओरडत, "जपून बोल रं! मांजराला चूळ भरता येत न्हाय!" ऐकणाऱ्याला काही कळत नसे, पण तो थांबत असे.

आणि मग त्यांनी हरणीचे दात हातात घेतले. अंगात हेडीपण मुरलेलं. जनावराच्या पुढनं जायचं नाही, भितं, हे त्यांना ठाऊक. मांडी घालून बसायचं, हरणीला आपल्याकडं पाठ करून मांडीत घ्यायचं. सुरुवातीला नुसता गालावरनं हात. मग मीठमसाला न घातलेल्या मटणाच्या पाण्यात बोट बुडवून ओठाला लावायचं, ती चाटून गेली की त्या दिवशीचं काम संपलं. असं बरेच दिवस. मग ओठ उचलायचा आणि सोडायचा. मग बोटाला मलमल गुंडाळून एक सुळा. मग दोन. दाताची बाहेरची बाजू, हिरडीच्या कडेकडेनं, हलक्या हातानं. तिनं शेपटी आपटली की थांबायचं, उद्या पुन्हा. गावातली पोरंठोरं हसत. व्याही म्हणत, "हसा. तुमचे मोजून ठेवलेत मी."

असं सुरळीत चाललेलं असताना व्याह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑपरेशन केलं नाही तर डोळा जाईल. व्याही नाही म्हणाले. त्या वेळी ऑपरेशननंतर डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं पडावं लागायचं. घरी आल्यावरही वाकायचं नाही. मग हरणीचं कुणी करायचं? एका लग्नासाठी ते परगावी राहिले होते तेव्हा तिच्या हिरड्या पुन्हा लाल झाल्या होत्या. माझ्या लेकीनं हात लावला तर मांजर चावलं, जावयाला तर ते जवळच येऊ देईना. लेक माझ्याकडं येऊन रडली. "आबा, मामंजी आंधळं हुतील, पण ऐकायचं न्हाईत. म्हणत्यात, माझ्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी म्हटलं, "जमायचं न्हाय म्हंजे? मांजर घिऊन यायला सांग त्यास्नी. मी पुसतो."

व्याही टोपली घेऊन आले. माझ्या गिरणीच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "करशीला?"

"करतो म्हटलं न्हवं?"

"तोंडाचा शब्द नको." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून ठरवतात, आणि तसा ठरलेला सौदा कुणी मोडत नाही. व्याह्यांनी कापडाखाली माझी बोटं धरली. मी त्यांची दाबली. सौदा झाला, तरी त्यांनी बोटं सोडली नाहीत. मी अजून जरा दाबली.

पहिल्या दिवशी हरणीनं मला मनगटापासून कोपरापर्यंत नांगरलं. आमची मंडळी दारातनं बघत होती. "माझी कंबर धरली हुती तवा तेलाची वाटी उचलून दिली न्हाय, आणि विहिणीच्या मांजराचं दात पुसायला बसलाय." मी म्हटलं, "तू चावत न्हाईस म्हणून." पण सौदा सौदा असतो. मी पाठीमागनं बसायला शिकलो, मटणाचं पाणी केलं, गालावरनं हात फिरवत राहिलो. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की मांजर बिथरायचं, म्हणून दात पुसून होईपर्यंत मी गिरणी बंद ठेवायला लागलो. गिऱ्हाइकं दळणाचे डबे घेऊन बाहेर उभी. "काय चाललंय आत?" "काम चाललंय." आणि एके दिवशी तिनं ओठ उचलू दिला.

रोज संध्याकाळी मी व्याह्यांना हकिगत सांगायला दवाखान्यात जाई. ते डोळे बांधून उताणे पडलेले, चावायची मनाई म्हणून नुसत्या पेजेवर. माझं बोलणं ऐकूनच घेत नसत. "बोट आणा," म्हणत. बोट नाकाशी नेऊन वास घेत. "आज डाव्या अंगाला आळस केलाय." मी संतापून नर्सबाईंकडं बघे. नर्सबाई तोंड फिरवून हसत. पण आळस झालेला असे, ते खरं. दुसऱ्या दिवशी मी डाव्या बाजूनं सुरुवात करी. शेवटी एकदा त्यांनी बराच वेळ वास घेतला आणि नुसतं म्हणाले, "हां." तेवढ्यावर मी दवाखान्यापासून राजारामपुरीपर्यंत चालत आलो, बसची गरज लागली नाही.

जाड भिंगांचा चष्मा आला तो त्यांनी माझ्याच कट्ट्यावर पहिल्यांदा डोळ्याला लावला. लेक पुढं उभी होती, जावई होता. त्यांच्याकडं नुसतं बघून म्हणाले, "हरणी आणा." मी आणली, मांडीत पाठमोरी धरली आणि मीच ओठ वर केला. व्याही वाकायला लागले तशी लेक ओरडली, "वाकायचं न्हाय!" मग मी मांजर वर उचलून त्यांच्या चष्म्यासमोर धरलं. हिरड्या गुलाबी, सुळे पांढरेशुभ्र. व्याही बघतच राहिले. चष्म्याखालनं पाणी आलं ते त्यांनी उन्हावर ढकललं.

"पावणं," ते म्हणाले, "ह्यो डोळा तुमच्यामुळं वाचलाय. आता तुमचंबी बघू द्या."

माझे दोन्ही हात मांजरात गुंतलेले, टॉवेल घ्यायला सोय नाही. मी ओठ गच्च मिटले आणि मिटल्या तोंडानंच म्हटलं, "ह्या जन्मी न्हाय."

"ऱ्हाऊ दे की. मीबी हेडी हाय. बाजार उठंस्तोवर थांबतो."

त्या डोळ्यानं त्यांनी पुढं बरीच वर्षं मुलूख बघितला. दर भेटीला एकदा विचारायचे, मी एकदा नाही म्हणायचो, आणि मग चहा व्हायचा. ते गेले तेव्हा लेक त्याच टोपलीतनं हरणीला माझ्याकडं घेऊन आली. दुसऱ्या कुणाला ती तोंड दाखवीना. सोबत त्यांची एक तसबीर आणली, ती मी गिरणीत खिळा मारून लावली. पीठ बसतं, रोज पुसतो.

हरणी आता म्हातारी झाली आहे, पण सुक्या माशाचं डोकं अजून कटकन फोडते. तो आवाज झाला की मी पट्टा बंद करतो आणि बोटाला मलमल गुंडाळतो. ती आपणहून येऊन माझ्याकडं पाठ करून बसते. आधी डावी बाजू. मग उजवी. तिचं झालं की गिऱ्हाईक आलेलं नाही एवढं दारातनं बघून घेतो, तसबिरीपुढं उभा राहतो, टॉवेल खांद्यावरच ठेवतो आणि तोंड उघडतो. माझे आता थोडेच उरलेत.

"बघा, पावणं," म्हणतो. "बाजार उठलाय. बघून घ्या."