रेघ थांबली, पाणी थांबेना

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या बौद्ध घरात अंगात येणं, उतारा, नवस... काहीच नाही. सासरे म्हणायचे, "डोळ्यांनी बघा, मग बोला." म्हणून डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहिते. चौथी शिकलेय, चारचौघांत बोलायला लाजते. हे कुठं पाठवीन की नाही, तेही ठरवलेलं नाही.

बीडकडून येताना नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. दुष्काळाचा उन्हाळा, पाणी टँकरचं. आम्हा बायकांची दूध संस्था कशीबशी तग धरून होती. पण दुधाची फॅट मोजायचं मशीन विजेच्या चढ-उतारानं भलतेच आकडे दाखवायचं. दूध संघाचे साहेब सांगून गेले, "सोमवारी येतो. मशीन नीट नसलं तर इथलं दूध घ्यायचं केंद्र बंद." मग त्या उन्हात नेकनूरला दूध नेणार कोण? वाटेतच नासलं असतं.

माझी मुलगी सुजाता बीडला इंजिनिअरिंग शिकायची, सुट्टीला आली होती. म्हणाली, संस्थेच्या सोलरवर स्विचिंग रेग्युलेटर बसवू — भराभर चालू-बंद होऊन व्होल्टेज एकसारखं ठेवणारा डबा. पण आधी लॅपटॉपवर त्याची आकृती, म्हणजे खोटाखोटाच डबा, चालवून बघायची.

"डायरेक्ट जोडलं अन् बिघडलं, तर मशीनच जळंल, आई. दुसरं कोण देणार हाय?"

पडद्यावर व्होल्टेजची रेघ उमटायची. ती सरळ हवी होती... थरथरतच राहायची. सुजाता म्हणाली, "कमी पडलं की हा डबा लई देतो, जास्त झालं की लई कापतो. नव्या माणसाच्या सायकलीवानी."

मी शेजारी हंड्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ठेवली होती. तुरटी फिरवली की गाळ बसेपर्यंत हंड्याला कुणी हात लावत नाही. झाकण काढून बघते, तर पाण्यावर बारीक वलयं. वारा नाही, रस्त्यावर गाडी नाही. सुजातानं आकृती थांबवली की पाणी थांबायचं. चालू केली की पुन्हा थरथर. पोरीला काय सांगायचं?

दुपारी ती ओरडली, "जमलं गं!" रेघ खरंच सरळ झाली होती. आकृती चालू ठेवूनच ती डबा जोडायचं सामान काढू लागली. मी हंड्यात बघितलं. पाणी हलतच होतं.

"सुजा... तुझी रेघ हलायची तवा हे पाणी बी हलायचं. आता रेघ थांबली, हे थांबना."

"आई, आकृती हाय ती नुसती! उद्या म्हणशील, हंड्यातून आजोबा बोलतेत."

"कावून हसतीस? ये, बघ तरी."

आली. वाकली. हसू गेलं. लॅपटॉपवरची आकृती बंद केली, चालू केली, परत बंद केली. प्रत्येक वेळी पाणी आकृतीबरोबर थांबलं, आकृतीबरोबर हललं.

मग लॅपटॉपपुढं बसून तिनं सगळं पुन्हा तपासलं. "लवकर उत्तर यावं म्हणून ढांगा टाकत मोजत होते," म्हणाली. "दोन ढांगांमधली थरथर दिसतच न्हवती." मोजणी बारीक केली — आणि रेघ पहिल्यापेक्षा जास्त थरथरली. "हे जोडलं असतं तर मशीन गेलंच असतं, आई..."

संध्याकाळ होता होता तिनं डब्याची घाईघाईनं सावरायची सवय मोडली. बारीक मोजूनही रेघ सरळ आली. हंडा इतका शांत, की तळाचा गाळ दिसला.

मग तिनं खरा डबा मशीनला जोडला. सोमवारी साहेबांनी एकच दूध पुन्हा पुन्हा मोजलं. आकडा तोच. आमच्या अध्यक्षा शांताबाई म्हणाल्या, "बायांनो, आता दुधात पाणी घातलं तर लपायचं न्हाई बरं!" साहेबही हसले. केंद्र राहिलं.

नंतर सुजातानं ती चुकीची आकृती मुद्दाम चालवली. तोच हंडा, तीच जागा. रेघ थरथरली, पाणी हललंसुद्धा नाही. शेजारीण म्हणते, नारळ फोड. मी फोडला नाही. पण भास म्हणावं, तर दोघींनी बघितलंय. हंड्यापाशी वीज नव्हती, वायर नव्हती, डबा अजून जन्मलाही नव्हता... मग जी खोट रेघेत दिसली नाही, ती पाण्याला कशी कळली? मला अजून माहीत नाही. सुजातालाही नाही.