रावेरला वाय-फाय नको होतं

"रावेरचा आकडा खोटा आहे," मी फोनवर तिसऱ्यांदा म्हणालो.

पलीकडे आमच्या रीजनल मॅनेजर, सबनीस मॅडम. "पुरावा?"

"आकडाच पुरावा आहे, मॅडम. अख्खा खानदेश एकीकडे आणि रावेर एकीकडे."

मी एका कॅमेरा कंपनीच्या धुळ्याच्या ऑफिसात बसतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत कोणता कॅमेरा कुठे वाढला, कुठे झोपला, ते बघायचं आणि वर कळवायचं, हे माझं काम. स्वभावही कामाला साजेसा. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त घातली, तर मी आधी घेतलेली मेथीची जुडी उलटून बघतो, आत सडकी तर नाही ना. बायको म्हणते, "तुम्ही देवळात प्रसादाचंही बिल मागाल."

कॅमेरे साधारण तीन जातींचे. डीएसएलआर म्हणजे लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तो जाडजूड. मिररलेस हा त्याचाच हलका, नवा भाऊ. त्याच्या पोटात आरसा नसतो. तिसरा कॉम्पॅक्ट, खिशात मावणारा साधा कॅमेरा. त्या वर्षी जळगावात मिररलेस चढत होता, धुळ्यात डीएसएलआर कसाबसा तग धरून होता, आणि कॉम्पॅक्ट सगळीकडे मेला होता. मोबाइलने त्याला खाल्लं. रावेरात मात्र चार महिन्यांत अकरा कॉम्पॅक्ट खपले. तेही सगळे जुन्या मॉडेलचे. त्याच किमतीत आम्ही वाय-फायवालं नवं मॉडेल आणलं होतं. त्यातला फोटो तिथल्या तिथे मोबाइलवर जातो. रावेरात त्याचा खप शून्य!

आता मला सांगा, त्याच पैशात नवं मिळत असताना जुनं कोण घेतं?

आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत. कंपनीचा माल दुकानात गेला तो सेल-इन, दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात गेला तो सेल-आउट. टार्गेटसाठी काही सेल्समन दुकानात माल कोंबतात आणि कुणाच्याही नावाने बिलं फाडून सेल-आउट दाखवतात. अकरापैकी एकाही कॅमेऱ्याची वॉरंटी ऑनलाइन नोंदलेली नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि माझ्या मते ते गोकुळपाशी मुरत होतं.

गोकुळ हा आमचा रावेरचा सेल्समन. मूळचा सोनगीरचा, नऊ वर्षं कंपनीत. त्याला ऑफिसात बोलावलं. त्याने एक वही पुढे केली. अकरा सिरियल नंबर, प्रत्येकासमोर तारीख. नावांची जागा कोरी.

"गिऱ्हाईक कोण?"

"सांगता येत नाही, साहेब. त्यांनी शब्द घेतलाय."

"कॅमेरा विकलास का गावठी पिस्तूल?"

तो हसला नाही. "बठ्ठं खरं शे, साहेब, एकूण एक. वही तर बघा."

"हाताने लिहिलेलं कुणीही लिहील." मी वही परत सरकवली आणि हेच वाक्य रिपोर्टमध्येही टाकलं.

मॅडमचं उत्तर आलं: शुक्रवारी चारपर्यंत पुरावा मिळाला नाही, तर गोकुळला काढायचं. बोगस सेलसाठी काढलेल्या माणसाला आमच्या लाइनीत पुन्हा कुणी काउंटरवर उभं करत नाही, हे मला माहीत होतं. वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही. मला स्वतः बरोबर ठरायची घाई झाली होती.

शुक्रवारी सकाळी त्याला गाडीत घालून निघालो. वाटेत सावद्याला चहा घेताना तो म्हणाला, "नानांना विचारलंय. आणा म्हणाले. पण तुम्हालाही शब्द द्यावा लागेल, कुणाचं नाव सांगणार नाही म्हणून."

"देतो," मी म्हणालो. मनात म्हटलं, बघू कोण नाना निघतो ते.

नाना निघाले केळीचे व्यापारी. रावेरच्या बाहेर त्यांचं पॅकहाऊस. टाक्यांत फण्या धुतल्या जात होत्या, बायका त्यांवर स्टिकर लावत होत्या. दारात भिंतीवर लाकडी खण, आणि प्रत्येक खणात एक मोबाइल.

"फोन अठीच ठेवा, भाऊ," नाना म्हणाले. "माझा सख्खा भाचा आला तरी ठेवतो."

आत सुपरवायझरच्या गळ्यात आमचा जुना कॉम्पॅक्ट! पेटी भरली की तो फोटो काढत होता. माल घेणाऱ्या परदेशी पार्टीला प्रत्येक लॉटचे फोटो लागतात.

"आधी मोबाइलवर काढायचो," नाना म्हणाले. "सकाळचा फोटो दुपारी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोचलेला. कोणाची बाग कापतोय, माल कसा आहे, त्याला सगळं माहीत. संध्याकाळी तो शेतकऱ्याच्या ओट्यावर भाव वाढवून बसलेला. दोन बागा गेल्या माझ्या."

"मग वाय-फायवालं मॉडेल?"

"ज्यातून फोटो बाहेर जातो, तो फुकट दिला तरी नको. याचं कार्ड मी स्वतः काढतो आणि कपाटात टाकतो."

"आणि वॉरंटी?"

"नाव-नंबर इंटरनेटवर टाकू? येडा झालो का?"

मी आयुष्यभर संशय घेऊन पगार घेतला, पण हा माणूस माझा गुरू निघाला. गंमत म्हणजे आणखी तीन पॅकहाऊसवाल्यांनी हीच युक्ती काढली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपल्या एकट्याचीच. म्हणून प्रत्येकाने गोकुळचं तोंड बंद केलं होतं.

मी नानांकडे एक फोटो मागितला. कार्ड बाहेर जाणार नाही म्हणाले. सही मागितली, तर हातच जोडले. शेवटी खिशातली डायरी काढून कॅमेऱ्यांच्या बुडावरचे सिरियल नंबर लिहून घेतले. गोकुळने उरलेल्या तिघांनाही विचारून ठेवलं होतं; ती तिन्ही पॅकहाऊस पालथी घातली. अकराच्या अकरा नंबर गोकुळच्या वहीशी जुळले. पावणेचारला गाडीत बसून मी मॅडमना फोन लावला.

"फोटो पाठवा."

"काढू देत नाहीत."

"पत्र?"

"देत नाहीत. माझ्याकडे यादी आहे, मॅडम. मी स्वतः लिहिलेली."

"हाताने लिहिलेलं कुणीही लिहील. तुमच्याच रिपोर्टमधून वाचतेय." मग त्यांनी विचारलं, "तिथे तुम्हाला काही दिलं का कुणी?"

मागच्या सीटवर नानांनी बळेच ठेवलेली केळीची पेटी होती. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मात्र शंभर जणांना विचारला होता.

"केळी दिली. एक पेटी."

"गिऱ्हाइकांची नावं?"

गोकुळ माझ्याकडे बघत होता.

"सांगता येत नाहीत. शब्द दिलाय. गोकुळला काढलंत तर मलाही काढा."

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी मी येते. तोवर त्याला काढायचं पत्र थांबवते. तुमचंही तयार ठेवते."

सोमवारी नानांनी मॅडमचे दोन्ही फोन खणात ठेवले आणि मनगटावरचं स्मार्टवॉचही उतरवून घेतलं. अर्ध्या तासाने मॅडम बाहेर आल्या. "जुनं मॉडेल बंद होतंय," त्या मला म्हणाल्या. "जळगावच्या गोडाउनमध्ये जे पीस उरलेत, ते रावेरसाठी राखून ठेवा." मग गोकुळकडे वळून म्हणाल्या, "सॉरी." मी ते तीन दिवसांत म्हणालो नव्हतो. तेव्हा म्हणालो.

आकडा विचित्र दिसला की हल्ली मी रिपोर्ट लिहायच्या आधी गाडी काढतो. परवा गोकुळने नवी वही आणली. नावांची जागा कोरीच. मी सही करून परत दिली.

"बघितली पण नाही, साहेब?"

"नाही."

मेथी मात्र अजून उलटून बघतो.