मामाजींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

आता काय सांगू तुम्हाला, माझी एवढी शोभा आजवर कुणी केली नाही. आणि ती केली कुणी? मीच! बायको अजून पाहुण्यांसमोर हा विषय काढते आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो.

अमरावतीत माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, जे येईल ते उघडतो आणि चालू करून देतो. त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. थोडी कसली, ट्रॅक्टरचा टायर भरेल एवढी!

माझे सासरे, म्हणजे मामाजी, चांदूर बाजारला असतात. संत्र्याची बाग, आणि शेडमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी. ऑटोमॅटिक! क्लच नाही, काही नाही, दांडा ओढला की निघाली. लग्न करून सासूबाईंना त्यांनी अकोल्याहून याच गाडीत आणलं होतं. आता लग्नाला पन्नास वर्षं होणार, त्या दिवशी सासूबाईंना याच गाडीत, स्वतः चालवत, माहेरी न्यायचं, एवढीच मामाजींची हौस. डोळे साथ देईनात, लायसनही संपत आलेलं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि गाडी हलेना! इंजिन नुसतं बोंबलतं, चाकं ढिम्म.

निरोप आला तसा धावलो. पोचल्याबरोबर इंजिन बंद केलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली, पुसली, बुडवली, पाहिली. तेल खुणेपर्यंत फुल्ल!

"बापू, एक म्हनू काय?" मामाजी शेजारी उभे होते.

"बोला ना, मामाजी."

ते जरा घुटमळले. "काई नाई. चहा ठेवाले सांगतो."

आता यातून मला काय कळणार, तुम्हीच सांगा! मी गाडीखाली शिरलो आणि तिथूनच जाहीर केलं, "मामाजी, गिअरबॉक्स गेला. पुरा खोला लागते."

"तुमी म्हन्ता तं गेलाच असन," मामाजी म्हणाले.

गिअरबॉक्स उतरवला. पण हा आहे कोणता? नंबर पार झिजलेला. फोनवर वाचलं, खालच्या तेलाच्या चेंबरचा आकार पाहा, बोल्ट मोजा, लगेच कळतं. चेंबर पेपरवर ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, भोकं मोजली, फोनवरच्या चित्राशी जुळवलं आणि मुंबईहून पॅकिंग आणि सीलचा संच मागवला.

संच आला. त्यातलं एक पॅकिंग बसेल तर शपथ! मी दुकानदाराला फोनवर असा झापला की बागेतले मजूर काम टाकून ऐकायला आले.

मामाजींनी शांतपणे तो पेपर उचलला, उलटा केला आणि उजेडात धरला. "बापू, इकडून तं आकार येगळाच दिसून राह्यला."

अरे देवा! चेंबर पालथा ठेवायचा तो मी उताणा ठेवला होता. डावं ते उजवं झालं होतं! पण मी कबूल करतो होय? "तेच म्हन्तो मी," म्हणालो आणि दुसरा संच मागवला.

मग दोन महिने दर रविवारी मी चांदूर बाजारला. सासूबाईंच्या पापडाच्या प्लास्टिकवर प्लेटा, स्प्रिंगा, वाटाण्याएवढ्या लोखंडी गोळ्या ओळीने मांडल्या. एकेक धुतली, पुसली, बसवली. गिअरबॉक्स चढवला, तेल भरलं, पट्टीवर पाहिलं, फुल्ल! गाडी सुरू केली, दांडा ओढला.

ढिम्म.

आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघायचं होतं! खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं. मामाजींकडे बघवेना.

"मामाजी, टॅक्सी सांगू काय?"

"सकाळी पाहू. तुमी आदी जेवून घ्या, बापू." एवढंच म्हणाले. एका शब्दाने दोष दिला नाही त्या माणसाने.

सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर काय, गाडी अंगणात गोल गोल फिरते आहे! स्टिअरिंगवर मामाजी, चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"चालून राह्यली ना, बापू!"

आता शहाण्या माणसाने विचारावं, कशी काय? मी म्हणालो, "नव्या प्लेटा रातभर तेलात मुरा लागतात, मामाजी. मले माईतच होतं."

लोणचं घातल्यासारखं!

अकोल्यापर्यंत मामाजींनीच गाडी चालवली. शेजारी नव्या साडीत सासूबाई, मागे मी. दोघं सारखी एकमेकांकडे बघून हसत होती. मला वाटलं, पन्नास वर्षांचं प्रेम आहे. माझाही ऊर भरून आला.

सासूबाईंच्या भावाने मला टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार केला. "बिघडलं काय होतं, जावईबापू?" मी प्लेटांपासून गोळ्यांपर्यंत अर्धा तास समजावलं. आणि मामाजींकडे बघून सासूबाईंना हसू आवरेना. माहेरी आल्यावर जीभ सुटणारच!

"काय्याचा गिअरबॉक्स! तेल कमी होतं. या गाडीचं तेल इंजिन चालू ठिऊन पाहा लागते. बंद केलं का सारं खाली जमा होते अन् पट्टी फुल्ल दाखोते. यायले पह्यल्या दिवशीच माईत होतं. पन जावयाची चूक कोन काढन? आज बापू आंघोळीले गेले, तवा यायनं दोन लिटर ओतलं!"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. डोक्यावर सत्काराची टोपी तशीच.

"मामाजी, मंग पह्यल्याच दिवशी काहून नाई ओतलं?"

मामाजींनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ओतनारच होतो, बापू. तुमी गाडीखालून निंगाले का हातपाय धुवाले जान, तवा ओतू म्हन्लं. पन तुमी निंगाले ते गिअरबॉक्स घिऊनच!"