मुलाला सांगायचं राहिलेलं वाक्य

माझा मुलगा गाडी चालवतो. हडपसरच्या एका कंपनीतल्या लोकांना पहाटे घरून घ्यायचं आणि दुपारी परत सोडायचं. गाडी त्याची स्वतःची आहे. लोक बसलेले असताना गाणी लावायची नाहीत असा नियम आहे आणि तो पाळतोही. "गाडीत शिंकायचीसुद्धा चोरी," असं म्हणायचा. "मॅडम लोकांची मीटिंग चालू असते." शेवटचा माणूस उतरला की मात्र तो गाणी लावायचा ती बिबवेवाडीत घरी पोचेपर्यंत. त्याने डिकीत एक मोठा स्पीकर बसवून घेतला होता. गाणं नंतर ऐकू यायचं, आधी नुसते ठोके यायचे. चौकातल्या मेडिकलपाशी गाडी वळली की आमच्या मांडणीतली ताटं थरथरायची आणि मी चहाचं आधण ठेवायचे.

मला तो आवाज आवडायचा, हे आधीच लिहून टाकते. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण दिवसभर रस्त्यावर असलेलं पोर धडधाकट परत आलं, एवढं त्या ठोक्यांवरून कळायचं. दुसरंही एक होतं. माझे मिस्टर होते तोवर घरात आवाज फक्त त्यांचा असायचा. मुलगा लहानपणी जेवताना गुणगुणायचा, तर एकदा त्यांनी त्याच्यासमोरचं ताट उचलून मोरीत ठेवलं होतं. तेव्हापासून तो घरात कधी गुणगुणला नाही. त्यामुळे मोठेपणी त्याने गाणी लावली, तर ती बंद कर असं आपण म्हणायचं नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमची गल्ली अरुंद आहे. आमच्या समोरच तळमजल्यावर एक बाई राहायच्या. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. मी चौथीपर्यंत शिकले. शिक्षिका समोर आली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. त्यांच्याशी मी "हो" आणि "नाही" याच्या पलीकडे फारसं बोलले नव्हते.

बाईंच्या मिस्टरांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर थोड्या दिवसांनी बाई आमच्याकडे आल्या. नुसती तक्रार घेऊन कसं यायचं म्हणून असेल, हातात वाटीभर शिरा होता.

"बसत नाही," त्या म्हणाल्या. "एक काम होतं. चार वाजता मी यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेते. जेवून, झोपून उठले की त्याच वेळेला त्यांच्या अंगात जरा हुशारी असते. डॉक्टर म्हणालेत, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आणि नेमकी त्याच वेळेला तुमच्या मुलाची गाडी येते. तेवढा आवाज कमी करायला सांगाल का त्याला?"

"सांगते," मी म्हणाले.

"मी त्यालाच सांगितलं असतं. पण आईने सांगितलेलं बरं. मुलांना बाहेरच्यांचं लागतं."

मी मान हलवली. चार वाजता तो आला. चपला काढता काढता म्हणाला, "आई, आज एका सिग्नलला शेजारचा गाडीवाला विचारत होता, स्पीकर कुठून बसवला." इतका खूश होता. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी वाटी परत करायची होती. भांडं रिकामं परत देत नाहीत. मी कोथिंबिरीच्या वड्या केल्या आणि नेऊन दिल्या. बाईंनी वाटी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "सांगितलंत वाटतं. बरं झालं," त्या म्हणाल्या. मला "अजून नाही" म्हणता आलं नाही. मी हसले. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी त्यांना हवा तो घेतला आणि मी घेऊ दिला.

त्यानंतर आवाज तसाच राहिला तेव्हा बाईंना काय वाटलं असेल, हे आता मी पुन्हा पुन्हा मनात आणते. आईने सांगूनही पोरगा मुद्दाम वाजवतो, असंच वाटलं असणार. एकदा त्यांनी त्याला गेटपाशी गाठलंच. मी खिडकीत होते.

"काय रे, तुझी गाडी चौकात आली की आमच्या कपबश्या नाचायला लागतात. तिकीटसुद्धा काढावं लागत नाही त्यांना."

मुलगा हसत घरात आला. "बाई काय भारी बोलतात गं! त्यांना आवडतं वाटतं."

तेव्हा तरी सांगायचं. मी कांदा चिरत होते, चिरत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी वळली ती मोठमोठ्याने अभंग लावून. टाळ-मृदंगाने खिडकीच्या काचा वाजत होत्या. गाडी बंद करून तो अभिमानाने म्हणाला, "म्हटलं, बाईंच्या घरात आजारी माणूस आहे. देवाचं काहीतरी लावावं." समोरची खिडकी धाडकन बंद झाली. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या मनात काही नव्हतंच.

मग एका दुपारी बाईंनी मला हाक मारली. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई आली नव्हती आणि त्यांना एकटीने मिस्टरांना पलंगावरून खुर्चीत बसवता येत नव्हतं. आम्ही दोघींनी धरून बसवलं. मी निघत होते, तर त्या म्हणाल्या, "थांबा ना जरा. कुणी ऐकायला असलं की यांना हुरूप येतो."

बाई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवतात तशा टाळी वाजवून म्हणाल्या, "हं, सोमवार."

मिस्टरांनी तोंड वाकडं करत म्हटलं, "सो...मवार." मग "मंगळवार" जवळजवळ नीट म्हटलं. मला खरंच आनंद झाला. बुधवारला अडले. बाईंनी ओठ हलवून दाखवले, आवाज काढला नाही. ते "बुध" म्हणाले, थांबले आणि "वार" म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काल मंगळवारपर्यंतच होतो," त्या हळूच म्हणाल्या.

"गु..." ते म्हणाले आणि ठोके सुरू झाले.

आमच्या घरात ऐकलेला तो आवाज आणि त्या खोलीत ऐकलेला आवाज एक नव्हता. इथे तो फरशीतून पायात येत होता. मिस्टरांचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर फडफडायला लागला. ते "गु, गु, गु" करत राहिले आणि मग लहान मुलासारखे रडू लागले. बाईंनी आपले दोन्ही तळवे त्यांच्या कानांवर दाबले आणि गाडी बंद होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "आज सांगते त्याला." त्या म्हणाल्या, "तुम्ही काय कमी वेळा सांगितलं असेल."

घरी आले तर मुलगा माझी वाट बघत दारात उभा. येताना माझ्यासाठी शेवंतीचा गजरा आणला होता. मी तो केसात माळला आणि त्याला चहा दिला. चहा देताना वाक्य अगदी जिभेवर होतं. पण आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. पहिल्या दिवशी लाजेने गप्प बसले होते. आता गप्प बसण्याचीच लाज वाटत होती, म्हणून आणखी गप्प बसले.

त्यानंतर मी खिडकीतून पाहायचे. बाईंनी सरावाची वेळ बदलून पाहिली. सकाळी गल्लीतल्या दुकानांची शटर आणि भाजीवाले. संध्याकाळी मिस्टर थकलेले असायचे. शेवटी लेकीने त्यांना कोथरूडला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. टेम्पो आला त्या दिवशी मी पोळ्या बांधून नेल्या.

"सातवा मजला आहे," बाई म्हणाल्या. "रस्त्याचं काही वर येत नाही म्हणतात." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमचं काम केलंत. हल्लीची मुलं ऐकत नाहीत, त्याला आई काय करणार."

त्या वेळी मुलगा त्यांच्याच घरातून कपाटाचं एक टोक धरून बाहेर येत होता. "बाई, बाजूला व्हा, लागेल," असं तो म्हणत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं आणि खाली मान घातली.

त्याच दिवशी त्याला सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की बाईंना चार वाजता शांतता हवी होती. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मग आधी का नाही बोललीस? बंद केला असता ना. दिवसभर तर बंदच असतो." मग म्हणाला, "म्हणून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत?"

मी आधण ठेवायला आत गेले. दर रविवारी तो विचारायचा, "जाऊन येऊ या का कोथरूडला? मी माफी मागतो." मी कधी गुडघा दुखतो म्हणायचे, कधी पाहुणे येणार म्हणायचे. असे चार-पाच रविवार गेले. मग माझं मलाच सहन होईना.

गेलो तेव्हा मी त्याला खाली थांबायला सांगितलं आणि एकटी वर गेले. मिस्टर गॅलरीत बसले होते. मला पाहून त्यांनी चांगला हात वर केला. बोलले काही नाहीत. बाईंनी स्वयंपाकघरात नेलं. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की मुलाला मी कधी काही सांगितलंच नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं.

बाई बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. पुसलेलाच ओटा.

"मी त्याला इतके महिने मनात शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "त्या आता परत कशा घेऊ?"

मी रडले नाही. रडायचा अधिकार नव्हता. "मिस्टरांचं बोलणं..." असं मी सुरू केलं, पण पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांनीच सांगितलं, "मध्ये थांबलं ते थांबलंच. आवाज नसता तर बोलले असते की नसते, ते डॉक्टरही सांगत नाहीत. तुम्ही मला विचारू नका."

चहाचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही थांबले नाही. खाली मुलगा गाडीच्या बाहेर उभा होता. "येऊ का वर?" म्हणाला.

"आज नको."

"रागावल्या?"

"हो."

"माझ्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्यावर. आणि बरोबर आहे त्यांचं."

त्याने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. सिग्नलला गाड्या थांबल्या तेव्हा शेजारच्या गाडीत गाणी वाजत होती, आमची काच हलेल इतक्या मोठ्याने. मुलाने तिकडे एकदा पाहिलं आणि आपली काच वर केली.