तांबूच्या छातीचा दोरा

भाच्याचा, संजूचा, फोन आला तेव्हा मी यंत्रमागांच्या खडखडाटात उभा होतो. "मामा, रविवारी या. तांबूला बाजारात विकायची म्हणतोय मी, आई ऐकत न्हाय. तुमचं ऐकंल."

तांबू ही माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, कालवड. तांबूची आई तिला वितानाच गेली. आक्कानं बाटलीनं दूध पाजून जगवली. आता दोन वर्षांची आहे, पण दिसते वर्षाची.

इचलकरंजीहून दिवस उगवायला मोटरसायकल काढली. राधानगरीकडं जाणार असाल तर पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या आणि भोगावतीच्या आसपास एखाद्या टपरीवर थांबा. भजी गरम मिळतात. चहात साखर कमी सांगू नका, मालक मनाला लावून घेतो. उसाच्या ट्रॉल्यांमागं हॉर्न वाजवून उपयोग नसतो, उसाचा वास घेत निवांत चालायचं. पुढं डोंगर जवळ येतात आणि बोटं गारठतात. खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि नाष्टा. पुढचं सगळं आक्काकडं.

गाडी लावली तर गोठ्यातून आक्काचा आवाज. "मामा येणार हाय तुझा. मान वर कर. पोट आत घे की गं जरा."

मी मुद्दाम खोकलो.

म्हशीला तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. "हिला काय घालता?"

"उसाच्या शेंड्यांचं वाडं, भाताचं वाळलं पिंजर, वर कण्यांची पेज. उपाशी न्हाय ठेवली कधी."

"पोट भरतंय, आजी. अंग भरत नाही. प्रोटीनचे बारीक बारीक घटक असतात, अमिनो ॲसिड म्हणतात. काही तिच्या पोटातले जंतू तयार करतात, पण त्यांनाही कच्चा माल लागतो. वाढत्या अंगाला एखादा घटक जरी कमी पडला तरी वाढ तिथंच अडते."

आक्का माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "साडीच्या काठाचा एक रंग संपला की माग थांबतो, आक्का. बाकीचं सूत ढिगानं पडलेलं असू दे."

"तसंच," बाई हसल्या. जंताचं औषध दिलं आणि पेंड, लसूणघास हळूहळू वाढवत न्यायला सांगितलं. "आणि पुढच्या पायांमागून छातीला दोरा गुंडाळून मापत जा. वाढ कळेल."

संजू म्हणाला, "पेंड दूध देणाऱ्या म्हशीला. ही काय देतीय?"

"तू बारावीपातूर काय दिलंस रे?" आक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. आक्काला मात्र हसू आलं नाही. "पेजेनं काय हुतंय? ह्या भावाला मी कण्यांवरच वाढवला की."

"वाढलो कुठं? संजूच्या खांद्याला लागतोय मी." मग राहवलं नाही. "आणि माझ्या पेजेत शेंगदाण्याचं कूट असायचं. तुझ्या ताटलीत नसायचं."

"तवा तू वाढत हुतास."

"मग ही बी वाढतीय की."

आक्का तांबूची मान खाजवत राहिली. संजू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत होता. शेवटी म्हणाला, "पाडव्यापातूर पेंड घालून बघू. न्हाय वाढली तर बाजार."

माझ्या खिशात सूत असतंच. तिपदरी करून तांबूच्या छातीला गुंडाळलं, टोक भिडलं तिथं खुणेची गाठ मारली आणि वाढीसाठी वर वीतभर राखून तोडलं. आक्कानं तो दोरा देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवला. जेवायला नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. वाढताना तिनं माझ्या ताटात चटणी घातली, शेंगदाण्याची. स्वतः कोरडीच भाकरी मोडत होती. मी त्यातली निम्मी चटणी उचलून तिच्या ताटात घातली. "गप खा," म्हणालो. तिनं खाल्ली.

परतीचा रस्ता तोच, ट्रॉल्या त्याच. राधानगरीला धरण बघायला, जंगल बघायला जरूर जा. मी त्यातलं काहीच बघितलं नाही. मागांच्या कारखान्यात रंगीत सुताच्या कांड्या भरताना मात्र अजून आक्काची ती ताटली आठवते.

पाडव्याच्या आधी फोन वाजला. संजूचाच नंबर, पण आवाज आक्काचा.

"तुझा दोरा आखूड पडला," ती म्हणाली. "दुसरा पाठव. लांब बघून."