मधला टाका

शिवणमास्तरांनी तिन्ही लेकींकडे फिरून यायचं एकच लांबलचक विमानाचं तिकीट काढलं होतं. पण थोरल्या जावयाचं प्रेम उतू गेलं आणि त्याने सासऱ्यांना आदल्या दिवशीच गाडीने मधलीच्या दारात आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर विमानतळावर सांगायला गेले, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, मधला टप्पा गाळलात तर पुढचं सगळं तिकीट रद्द होईल. तारीख बदलून उद्याची देते, पण बसावं मागच्या गावाहूनच लागेल."

"अगं, पण मी इथे पोचलोय ना!"

"कॉम्प्युटरमध्ये नाही पोचलात."

थोरला जावई भडकला. मास्तरांना मात्र पटलं. मधला टाका सुटला की पुढची शिवण उसवते, हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. ते मुकाट्याने जावयाच्या गाडीतून परत गेले, दुसऱ्या दिवशी विमानात बसले आणि होते तिथेच रीतसर येऊन उतरले.

छाती फुगवून बाहेर येतात तो दारात धाकटा जावई किल्ली नाचवत उभा!

"बाबा, पुढे विमानाची दगदग कशाला? मी गाडी आणलीय!"

जावयांना कधी अरे-तुरेही न केलेल्या मास्तरांनी भर विमानतळावर त्याचा कान धरला.